सांगितले होते

बाथरूमच्या आरशावर, डाव्या कोपऱ्यात, जिथे मी रोज माझी टिकली काढून चिकटवते, तिथे सात पांढऱ्या चकत्या एकाखाली एक लावून ठेवलेल्या होत्या. सकाळचे पावणेसात वाजले होते आणि आठला दवाखान्यात पोचायचं होतं. हिरल माझ्या कडेवर होती, तिने बोट पुढे केलं आणि म्हणाली, "टिटी." टिकलीला ती टिटी म्हणते. मी आधी त्या मोजल्या. एकही हरवली नव्हती, आणि मोजून झाल्यावर मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं, जणू काही हिशेब जुळला म्हणजे प्रकरण मिटलं. चकत्या बिस्किटाच्या तुकड्याएवढ्या, मऊ, मधोमध भोक असलेल्या. काल संध्याकाळी त्या आईच्या चेहऱ्यावर होत्या, कपाळावर तीन, दोन्ही गालांच्या हाडांवर एकेक, दोन कानांच्या मागे. त्या तिथेच असायला हव्या होत्या. तेवढ्यासाठीच त्या होत्या.

आई स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती, केस ओले, चेहरा टॉवेलने खसखसून लाल केलेला. डावा गाल तेवढा वर आलेला, आत कोणी सुपारी धरून ठेवल्यासारखा. घरी, अहिराणीत, मी तिला माय म्हणते. गेल्या दोन महिन्यांत दवाखान्यांतून फिरताना आई म्हणायची इतकी सवय लागली की आता इथे लिहितानाही तेच उमटतंय. मी विचारलं, "माय, त्या चकत्या कसाले काढ्यात?" ती म्हणाली, "मंग? वल्या व्हतीन म्हनीसन आरसाले लाई ठेवल्यात. त्यासनीच ते सांगं ना, न्हाईसन या. आनि गालवर ती शाई लायेल व्हती, ती काढता काढता दम निंघी गया." एवढं बोलून तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा हात टॉवेलमध्येच थांबला. "काय व्हयनं?" मी म्हटलं, काही नाही.

शाई म्हणजे प्रत्येक चकतीभोवती काढलेलं जांभळं वर्तुळ. चकती चुकून निघालीच तर जागा कळावी म्हणून काढलेलं. तेही तिने धुऊन टाकलं होतं, नीट, पाहुण्यांकडे जायच्या आधी तोंड धुवावं तसं.

माझे वडील, सुकलाल, अकरा वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर आईने टिकली लावली नाही. काल स्कॅनहून घरी आलो तेव्हा दारातच तिने भूपेंद्रला तोंड दाखवलं होतं. भूपेंद्र माझा नवरा, तिचा लाडका जावई. "दखा जवाईबापू, तुमना सासरा गया तैपासून कपाय कोरं व्हतं. आते एकदम सात. रनायाना लोके म्हनतीन, धनुबाईनी पाट लाया." भूपेंद्र हसून हसून खुर्चीत वाकला. रनाळं आमचं गाव, धनुबाई ती स्वतः. विधवेने दुसरं लग्न केलं असं आपल्याच गालातल्या गाठीवरून आपणच म्हणायचं, हे तिलाच जमतं. हसले मीही, पण आधी वरच्या मजल्यावरच्या जोशी काकूंची खिडकी उघडी आहे का ते पाहून. अकरा वर्षं तिचा हात कपाळाकडे गेला नव्हता, आणि आज सकाळी अंघोळीच्या आधी तो आपसूक गेला. एकेक काढायची, आरशाला लावायची, तोंड धुवायचं, पुन्हा लावायची. तिच्या लग्नाची चोवीस वर्षं त्या हातात होती. तिला कोण काय म्हणणार. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

सांगायचं काम माझं होतं. काल स्कॅन झाल्यावर आई आत साडी नेसत होती आणि तंत्रज्ञ सीमा मॅडम मला बाहेरच्या बोळात घेऊन आल्या. पंचविशीच्या असतील, नाशिकच्या, चष्म्याची काच सारखी पुसायच्या. त्या स्क्रीन दाखवून समजावत होत्या. आईचं डोकं करड्या रंगात, वरून, बाजूने, समोरून, आणि डाव्या गालाच्या हाडामागे ती गाठ, डोळ्याच्या खोबणीला टेकलेली. उद्या ऑपरेशनच्या टेबलावर डॉक्टर एक पेनसारखी सळई घेऊन या साती चकत्यांच्या भोकांत एकेक करून टेकवणार. कॅमेरा ते बघणार, आणि संगणक हा चित्रातला चेहरा त्या खऱ्या चेहऱ्यावर बसवणार. मग सळईचं टोक आत कुठे आहे ते स्क्रीनवर दिसत राहतं, फोनवर आपली गाडी रस्त्यावर सरकताना दिसते तसं. "डोळा वाचवायचा तर गाठीच्या कडेने अगदी दोन मिलिमीटर सोडून जायचंय," त्या म्हणाल्या. "म्हणून या चकत्या हलता कामा नयेत. तोंड धुवायचं नाही, अंघोळ मानेखालून. एक जरी निघाली तर परत लावू नका, आम्हाला सांगा, स्कॅन पुन्हा करू. मशीन दोनच दिवस आहे हं इथे, मग पुढच्या महिन्यात." मी मान हलवत होते. हिरल बाहेर भूपेंद्रकडे रडत होती आणि माझ्या ब्लाउजमध्ये दूध उतरत होतं, ओल पुढे येईल म्हणून मी हातांची घडी घातली होती. मग सीमा मॅडमनी साधंच विचारलं, "आईंना मराठी कळतं ना? की तुम्ही सांगाल, तुमच्या भाषेत?"

तुमच्या भाषेत. तासभर मी त्यांच्याशी इतकं जपून बोलले होते. नाकातला ण, शेवटचे अनुस्वार, सगळं. मला वाटलं होतं कळलं नसेल. मी म्हटलं, "आम्ही घरी मराठीच बोलतो. मी सांगते आईला." आत गेले तर त्या मागोमाग आल्या, त्यांचा पेन टेबलावर राहिला होता. आईने पदर सारखा करत विचारलं, "काय सांगं त्या बाईनी?" आणि त्या तिथेच उभ्या होत्या. मी म्हटलं, "काही नाही आई, उद्या सकाळी अंघोळ करून यायचं." एवढंच. बाकीचं रिक्षात सांगू असं ठरवलं. रिक्षात हिरल पिऊ लागली. घरी आल्यावर पाट लावण्याची गंमत झाली. नंतर कुकर, नंतर हिरलचा घास, नंतर आई झोपली. मी विसरले असं म्हणता आलं असतं तर किती सोपं होतं. विसरले नव्हते. संध्याकाळभर ते वाक्य माझ्या तोंडात होतं, आणि दर वेळी ते अहिराणीत सुरू होऊन कुठेतरी अडायचं, कारण ते बोलताना सीमा मॅडम मागे उभ्याच आहेत असं वाटायचं.

ही अशी मी केव्हापासून झाले ते शोधायला गेले तर एक दिवस सापडत नाही. बऱ्याच लहान लहान गोष्टी सापडतात. आईचा फोन आला की मी गॅलरीत जाऊन दार ओढून घेते. पावसाळ्याच्या शेवटी तिने अशाच एका फोनवर सांगितलं होतं, "मन्हा गालमा मुंगी फिरस व, डावा गालमा. झटकं ते नही जास." खालच्या अंगणात बायका जमल्या होत्या, तोंडं वर करून. मी हळू आवाजात म्हटलं, उद्या बोलू, आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तिने मुंगीचं काढलं नाही, मीही नाही. तीन महिन्यांनी डॉक्टरांपुढे मी म्हटलं, "आईचा गाल थोडा बधिर वाटतो." ते म्हणाले, किती दिवस? मी म्हटलं, पंधरा-वीस. मुंगी मी भाषांतरातून काढूनच टाकली. आणि हिरल. ती आईजवळ पंधरा दिवस राहिली आणि "इथे" न म्हणता "आठे" म्हणायला लागली. बाहुली आठे, मम आठे. मी एकदा, आई समोर बसलेली असताना, हिरलचे गाल हातांत धरून म्हटलं, "आठे नाही बाळा, इथे. म्हण, इथे." हिरल म्हणाली, इथे. आईने टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून ती हिरलशी बोलताना आधी थोडी थांबते, शब्द निवडते, आणि पुष्कळदा नुसतीच हसते. दीड वर्षाच्या नातीशी बोलायला माझी आई घाबरते, हे मला दिसत होतं. दिसत होतं आणि बरं वाटत होतं, हेही लिहून टाकते, हिरल उठायच्या आत.

त्या सकाळी मी स्टूल ओढलं आणि आईला खिडकीपाशी बसवलं. फोनमध्ये कालचा फोटो होता, हिरलला मांडीवर घेतलेला, सात चकत्यांसकट. तो मोठा करकरून मी एकेक चकती परत लावली. कपाळाच्या मधली जागा भुवयांवरून काढली. गालावरची तिळावरून. कानामागच्या दोन फोटोत नव्हत्याच, त्या अंदाजाने. रनाळ्याचा नकाशा दुसऱ्याच गावावर, धानोऱ्यावर ठेवावा आणि म्हणावं, विहीर बरोबर इथेच असेल. दोन मिलिमीटर म्हणजे किती ते मी नखाने माझ्याच बोटावर मोजून पाहिलं आणि मग मोजणं सोडलं. आई मान ताठ धरून बसली होती. "गुदगुल्या व्हतंस," ती म्हणाली. मग गालावरची तीच चकती मी तिसऱ्यांदा काढून लावतेय हे तिला जाणवलं असावं. "रुपा, मी काय खराब करं का?" मी म्हटलं, "नही माय. काहीच नही." तिच्या तोंडाला माझ्या साबणाचा वास येत होता.

रिक्षात मी स्वतःला एकामागून एक कारणं दिली. सांगितलं तर आजचा नंबर जाईल. मशीन आज रात्री परत जाईल. महिनाभरात ती गाठ खोबण ओलांडेल. शिवाय एवढ्या मोठ्या यंत्राला तेवढं कळत नसेल का. आणि या सगळ्यांच्या खाली, अगदी तळाशी, ज्याला मी पाय लावत नव्हते, तिथे एकच होतं. सांगायचं म्हणजे सीमा मॅडमना सांगायचं की मी आईला सांगितलं नाही, आणि का नाही.

वॉर्डात आईला हिरवा झगा घातला. डॉक्टर फेरीवर आले, उंच, शांत, हात धुतल्याचा थंड वास येणारे. त्यांनी तिचा गाल दोन बोटांनी चाचपला. "काय आजी, झोप लागली?" आईने मान हलवली. मग माझ्याकडे वळून, फाईल वाचता वाचता, "मार्कर हलले नाहीत ना?" मी म्हटलं, "नाही." इतकं सहज आलं ते. ण वगैरे काही नव्हतं त्यात, अडखळायला जागाच नव्हती. आई पलंगावरून माझ्याकडे पाहत होती. मार्कर म्हणजे काय ते तिला कळलं नसेल, असं मी धरून चालले.

तिला नेलं. भूपेंद्र औषधं आणायला खाली गेला. मी हिरलला घेऊन थिएटरबाहेरच्या बाकावर बसले आणि तिला पदराखाली घेतलं. ती पिता पिता माझ्या चेहऱ्यावर हात फिरवते, तिची सवय आहे ती, आंधळ्यासारखी चाचपत जाते, हनुवटी, ओठ, नाक. तिचं बोट माझ्या डाव्या डोळ्याखाली आलं, तिथल्या हाडावर, आणि तिथे थांबलं. गरम, थोडं दुधाने चिकट. आत डोळा हलताना तिच्या बोटाला लागत असावा, कारण तिने पिणं थांबवलं आणि पाहू लागली. माझ्या कातडीला ती जागा इतकी स्वच्छ कळली की मी उठलेच. हिरलचं तोंड सुटलं, ती किंचाळली, पदर कुठे गेला मला माहीत नाही. मी थिएटरच्या दारावर उघड्या तळहाताने मारायला लागले.

सीमा मॅडम बाहेर आल्या, तोंडावर मास्क. मी म्हटलं, चकत्या निघाल्या होत्या. सकाळी. परत लावल्यात. त्यांनी मास्क खाली ओढला. "कोणी काढल्या? काल मी एवढं सांगितलं होतं." इथे मला थांबता आलं असतं. तोंड उघडण्याआधीचा तो क्षण मला अजून वेगळा काढून दाखवता येईल, एवढा तो लांब होता. मी म्हटलं, "आईने. मी तिला बजावून सांगितलं होतं, पण खेड्यातली आहे हो ती, तिला कळत नाही."

दार अर्धवट उघडं होतं. आत टेबल अगदी जवळ होतं, इतकं जवळ असेल असं मला वाटलं नव्हतं. आई जागी होती. भूल अजून द्यायची होती, डोक्याला पट्टा तेवढा बांधलेला, आणि त्या पट्ट्याखालून ती दाराकडे पाहत होती. डॉक्टर तिच्यावर वाकले. आवाज चढवला नव्हता त्यांनी, पण थकल्यासारखा होता. "आजी, मुलीने तुम्हाला सांगितलं होतं ना, चकत्या काढायच्या नाहीत म्हणून?"

आणि आई म्हणाली, "हो, डॉक्टरसाहेब. मुलीने सांगितले होते. माझीच चूक झाली."

सांगितले. झाली. एकेक अक्षर सुटं, स्वच्छ, चौथीच्या पुस्तकातला धडा उभं राहून वाचावा तसं. माझी आई रनाळ्याच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली हे मला माहीत होतं, पण ती भाषा तिच्याजवळ अजून आहे, इतकी वर्षं न वापरता घडी करून ठेवलेली आहे, हे मला माहीत नव्हतं. ती तिने काढली ती माझ्यासाठी. माझं खोटं ऐकून, समजून, त्याला खरं करायला. मला वाटायचं मी बोलते तेव्हा तिला अर्धं कळतं. तिला सगळं कळत आलं होतं. काल बोळातून आत आल्यावर मी "काही नाही आई" म्हटलं, तेव्हाही सीमा मॅडम मागे उभ्या आहेत हे तिने पाहिलंच असणार, आणि पुन्हा विचारलं नसणार.

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "बरं केलंत सांगितलंत," ते मला म्हणाले. "आत आम्ही तपासतोच. नाकाच्या शेंड्यावर सळई ठेवली आणि ती स्क्रीनवर हवेत दिसली की कळतं. पण थोडक्यातला फरक दर वेळी दिसेलच असं नाही." त्यांनी दुसरा पेशंट आधी घेतला. आईला पुन्हा चकत्या लावल्या, पुन्हा स्कॅन झाला, आणि दुपारी दोनला तिला आत घेतलं. सात वाजता ते बाहेर आले. गाठ कडेसकट निघाली होती. वरच्या जबड्याचा डावा भाग आणि टाळूचा अर्धा गेला, पण डोळा राहिला. डोळा राहिला हे त्यांनी दोनदा सांगितलं, पहिल्यांदा मला ऐकू आलं नाही असं त्यांना वाटलं.

तिसऱ्या दिवशी तिला वॉर्डात आणलं तेव्हा चेहरा सुजून परका झालेला, नाकात नळी, टाळूला तात्पुरती प्लेट, बोलायला मनाई. डावा डोळा सुजेच्या फटीतून माझ्याकडे वळला, आणि उजव्याबरोबर वळला. मी पलंगाच्या दांडीला धरून उभी राहिले. वॉर्डातल्या बायका एकमेकींना सांगत होत्या की या पोरीने ऐन वेळी दार वाजवलं म्हणून म्हातारीचा डोळा वाचला. एका मावशीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. मी मान खाली घातली, आणि ते त्यांना विनय वाटलं.

सीमा मॅडमनी आईला एक शंभर पानी वही आणि पेन्सिल दिली होती. काय हवं ते लिहा म्हणाल्या. आई लिहायची. "पाणी हवे आहे." "हिरल जेवली का?" "दिवा बंद करावा." गोल, जाड, शिरोरेषा आधी ओढून खाली लोंबकळलेली अक्षरं. अहिराणी कोणी लिहीत नाही आमच्याकडे, लिहायचं म्हटलं की हात आपोआप शाळेत जातो. त्यामुळे ती माझ्याशी आता त्याच भाषेत बोलत होती जी मी तिच्यावर लादली होती, आणि वहीतली ती बाई कोणी ओळख नसलेली, सभ्य, दूरची बाई वाटत होती. "तू घरी जाऊन विश्रांती घ्यावी." मला ते वाचवेना.

चौथ्या दुपारी हिरल तिच्या पायाशी झोपली होती. मी वही घेतली. पेन्सिल टेकवली आणि कितीतरी वेळ काही सुचलं नाही, कारण ते शब्द मी कधी कागदावर पाहिलेच नव्हते. ऱ्हस्व की दीर्घ ते ठाऊक नाही, कोणाला विचारायचं तेही नाही. शेवटी कसंबसं लिहिलं. "माय, मी तुले सांगं नव्हतं. चूक मन्ही शे. मी त्यासले खोटं सांगं." वही तिच्यासमोर धरली.

तिने वाचलं. वाचताना ओठ हलत होते, सुजलेले, एका बाजूने. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं ती रडेल, किंवा पेन्सिल मागेल. वॉर्डाच्या टोकाला सीमा मॅडमच्या चपलांचा आवाज आला. आईने त्या बाजूला एकदा पाहिलं, वही माझ्या हातातून ओढली आणि ते पान फाडलं, मधूनच, वेडंवाकडं. त्याची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि मूठ चादरीखाली नेली.

सीमा मॅडम आल्या, सलाइनकडे पाहिलं, चष्मा पुसला. "काय गप्पा चालल्यात मायलेकींच्या? मला नाही दाखवणार?" मी तोंड उघडलं. तीन शब्द पुरे होते, मराठीतसुद्धा. आईने मोकळ्या हाताने खुणेने पेन्सिल मागितली. मी दिली. कोऱ्या पानावर तिने आधी रेघ ओढली आणि मग सावकाश, एकही चूक न करता लिहिलं, "भूक लागली आहे."

"नळीतून पाजतोय तरी भूक लागते आजींना," म्हणत सीमा मॅडम हसायला लागल्या. आईचे खांदेही हलले. मीही हसले.